मोसमी वारे आणि पाणबुड्यांची बोट

नैर्ऋत्य मोसमी वारे मे महिन्यात मालदीवच्या बेटांवर पोचतात. अंदमानात ते साधारण २२ मेच्या आसपास येतात, केरळात १ जूनच्या सुमारास, आणि परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीच्या शिवारात जूनच्या मध्याला. झरीपासून सर्वांत जवळचा समुद्रकिनारा सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण सोयाबीन आणि कापसाची पेरणी कधी करायची हे ठरवणारा वारा त्याच समुद्रावरून येतो. मृग कोरडा गेला तर काय करायचे आणि आर्द्रा बरसल्या तर काय, हे इथल्या जाणत्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. उबदार समुद्रात आठवडाभर बोटीवर राहून स्कूबा डायव्हिंग करायचे असेल तर बोट कशी निवडावी, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्याच वाऱ्यात आहे. डेकवरचे फोटो, केबिनमधला पलंग, जेवणाचा थाट हे सगळे नंतर.

बहुतेक लोक उलटीकडून सुरुवात करतात. आधी बोट आवडते, मग तिची सवलतीची तारीख सापडते, आणि त्या तारखेला समुद्र कसा असतो हे विचारायचे राहूनच जाते. सवलत ज्या आठवड्यात मोठी, तो आठवडा बहुधा वाऱ्याचा किंवा गढूळ पाण्याचा असतो. कधी कधी तोच आठवडा एखाद्या विशिष्ट माशासाठी वर्षातला सर्वांत चांगलाही असतो. हा फरक कळला तर कमी पैशांतही फार मोठी गोष्ट पाहता येते.

डायव्हिंगची नेहमीची पद्धत म्हणजे मुक्काम किनाऱ्यावर, सकाळी होडीने जायचे, एकदोन बुड्या मारायच्या आणि दुपारी परत यायचे. तारकर्लीला, मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ, गोव्यात ग्रांद बेटाच्या परिसरात हेच चालते. राहत्या बोटीचा प्रकार वेगळा. तिला जगभर लिव्हअबोर्ड म्हणतात, मालदीवमध्ये सफारी बोट. वीसएक प्रवासी, त्यांच्या निम्म्याहून जास्त खलाशी आणि मार्गदर्शक, सिलिंडर भरणारे कॉम्प्रेसर, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, सगळे एकाच जहाजावर. अनेक मार्गांवर बोट रात्री चालते आणि पहाटे नव्या प्रवाळभिंतीपाशी उभी असते. दिवसाला तीन किंवा चार बुड्या होतात. पहिली न्याहारीच्या आधी, शेवटची कधी अंधार पडल्यावर. या बोटी निघाल्या त्या मुख्यतः अंतरामुळे. किनाऱ्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या जागा सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारख्या नसतात. म्हणून बोट घेताना पहिली चौकशी मार्गाची करावी. बोट जर किनाऱ्यावरच्या हॉटेलातून सहज पोचता येईल अशाच जागी फिरवणार असेल, तर समुद्रावर झोपण्याचे पैसे उगाच द्यायचे नाहीत.

राहत्या बोटीसाठी मराठी माणसाला विमानाने सर्वांत जवळचा असा समुद्र म्हणजे मालदीव. मुंबईहून माले तीन तासांच्या आत येते. इथे वाऱ्याचा हिशेब इतका स्पष्ट आहे की तो एकदा समजून घेतला की इतर समुद्रांचेही गणित सुटते. मालदीव म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेली कंकणाकृती प्रवाळबेटांची माळ. प्रत्येक कंकणाच्या, म्हणजे अटॉलच्या, कडेला खिंडी आहेत, त्यांना स्थानिक भाषेत कंडू म्हणतात. आत, पृष्ठभागाखाली काही मीटरवर माथा असलेले बुडालेले डोंगर आहेत, ते थिला. हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, ईशान्य वारे वाहतात आणि प्रवाहाचा कल पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. मोकळ्या महासागराचे स्वच्छ पाणी पूर्वेच्या खिंडींतून आत शिरते. तिथे दृष्टी लांबवर पोचते आणि प्रवाहाकडे तोंड करून शार्क मासे खिंडीच्या उंबऱ्यावर थांबलेले असतात. हेच पाणी कंकणाच्या आतले सूक्ष्म प्लवक घेऊन पश्चिमेकडून बाहेर पडते, म्हणून प्लवक खाणारे मांटा रे या काळात पश्चिम बाजूला दिसतात. मे महिन्यापासून नैर्ऋत्य वारे सुरू झाले की सगळे उलटे होते. स्वच्छ पाणी पश्चिमेकडून आत, मांटा पूर्वेला.

तेव्हा जानेवारीत जाणाऱ्याने बोटवाल्याला विचारावे, वाव्हू अटॉलच्या पूर्वेकडच्या खिंडी मार्गात आहेत का, आरी अटॉलची पश्चिम बाजू आहे का. ऑगस्टमध्ये जाणाऱ्याचा प्रश्न वेगळा. बा अटॉलच्या पूर्व कडेला हनीफारू नावाचा एक छोटा उपसागर आहे. पावसाळ्यात भरती आणि वारा जुळून आले की तिथे प्लवक कोंडते आणि मांटा थव्याने जमतात. बा अटॉलला २०११ मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हनीफारूत आता सिलिंडर घेऊन उतरायला बंदी आहे, फक्त मास्क आणि स्नॉर्कल लावून पृष्ठभागावरून पाहायचे. हे ठाऊक नसलेला माणूस डायव्हिंगचे पैसे मोजून तिथे जातो आणि हिरमुसतो. ठाऊक असलेला मात्र खुशीने जातो, कारण तोंड उघडून गिरक्या घेणारे चार मीटर पंखांचे मांटा वरूनही स्वच्छ दिसतात. व्हेल शार्क हवा असेल तर दक्षिण आरी, तिथे तो वर्षभर भेटू शकतो. अगदी दक्षिणेकडच्या हुवाधू, फुवामुला आणि अड्डूच्या लांब पल्ल्याच्या सफरी जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास होतात. तिकडे प्रवाह जोरकस आणि पाणी खोल, म्हणून त्या नवख्यांच्या नव्हेत.

या समुद्राचे पहिले बारकाईचे नकाशे मुंबईच्या आरमाराने केले, हे मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचे १८३० मध्ये इंडियन नेव्ही असे नामांतर झाले. त्याच दलातल्या रॉबर्ट मोर्सबी या अधिकाऱ्याने आधी तांबड्या समुद्राची मोजणी केली आणि मग १८३४ ते १८३६ या काळात मालदीवची. हाताने दोर सोडून खोली मोजायची, तापाने खलाशी आजारी पडायचे, तरी काम पुढे न्यायचे, अशी ती मोजणी होती. चार्ल्स डार्विन मालदीवला कधीच गेला नाही. पण प्रवाळद्वीपे कशी घडतात याचा सिद्धान्त मांडणारे त्याचे पुस्तक १८४२ मध्ये आले, त्यात मालदीवसाठी आधार मोर्सबीच्या नकाशांचा होता. आज डायव्हिंगसाठी गाजलेले तांबडा समुद्र आणि मालदीव हे दोन्ही पाण्याचे प्रदेश एकाच मुंबईकर दलाने कागदावर उतरवले. शाळेत हे शिकवायला हवे होते.

आता बाकीचे समुद्र. अंदमान आपलेच, पारपत्र लागत नाही. तिथल्या मोजक्या राहत्या बोटींचे मोठे आकर्षण म्हणजे पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे १३५ किलोमीटरवरचे बॅरन बेट. तो ज्वालामुखी दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसत असतो. बेटावर उतरू देत नाहीत. पाण्याखाली काळी राख, लाव्हाचे कडे आणि त्यांवर बसलेले ताजे प्रवाळ. दख्खनच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला हा देखावा विशेष अर्थाचा आहे, कारण झरीची जमीनही अशाच लाव्हातून, कोट्यवधी वर्षांपूर्वी, घडलेली आहे. मोकळा समुद्र ओलांडायचा असल्याने फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. हरभरा आणि रब्बी ज्वारी निघाल्यावर परभणीकडच्या शेतकरी कुटुंबाला जी थोडी उसंत मिळते, ती नेमकी याच दिवसांतली.

थायलंडचे सिमिलन द्वीपसमूह अंदमान समुद्राच्याच दुसऱ्या काठावर आहेत. त्यांचे राष्ट्रीय उद्यान १५ ऑक्टोबर ते १५ मे एवढेच उघडे असते, म्हणजे पुन्हा तोच मोसमी वारा. तीन-चार रात्रींच्या, तुलनेने स्वस्त सफरी खाओ लाक येथून निघतात आणि सुरीन उद्यानातल्या रिशेल्यू खडकापर्यंत जातात. पहिलीच राहती बोट असेल तर मी मालदीवच्या आधी हीच सुचवीन. दिवस कमी, खर्च कमी, आणि आपल्याला बोट लागते की नाही हे चार रात्रींत कळते. ज्याला एसटीत घाट लागतो त्याने हे आधी जोखून घ्यायलाच हवे. मळमळीच्या गोळीने झोप येते, आणि झोपेच्या गुंगीत पाण्याखाली उतरणे धोक्याचे. गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारावे आणि ती घरी, जमिनीवर, एकदा घेऊन पाहावी.

इंडोनेशियात वारे वेगळे फिरतात. पूर्वेकडचे राजा अंपात ऑक्टोबर ते एप्रिल चांगले, कोमोडो त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत. बऱ्याच बोटी ऋतूप्रमाणे एकीकडून दुसरीकडे जातात. राजा अंपातच्या केप क्री या एकाच ठिकाणी मत्स्यशास्त्रज्ञ जेरी ॲलन यांनी २०१२ मध्ये एका बुडीत माशांच्या ३७४ जाती मोजल्या. प्रवाळ आणि मासे ओळखण्याचा छंद असलेल्याला यापेक्षा मोठी शाळा नाही. पण प्रशांत महासागराचे पाणी या बेटांमधल्या सामुद्रधुनींतून हिंदी महासागराकडे लोटते, त्यामुळे प्रवाह फार जबर. कोमोडोच्या दक्षिणेला खोलातले गार पाणी वर येते आणि तापमान २२ अंशांच्या आसपास उतरते. उबदार समुद्र म्हणून गेलेला माणूस पातळ सूट घेऊन तिथे कुडकुडतो.

इजिप्तकडचा तांबडा समुद्र मोसमी वाऱ्यांच्या कक्षेबाहेरचा. थिसलगॉर्म हे ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडालेले ब्रिटिश मालवाहू जहाज, त्याच्या पोटात अजून रांगेने उभ्या मोटरसायकली आणि ट्रक, ही एकच जागा प्रवास सार्थ करते. ब्रदर्स आणि डीडलस यांसारख्या दूरच्या बेटांसाठी तिथे किमान ५० बुड्यांची नोंद दाखवावी लागते.

इथे स्वतःच्या तयारीचा प्रश्न येतो. मालवणला एकदा केलेली बुडी म्हणजे परवाना नव्हे. तिथे मार्गदर्शक आपल्याला धरून काही मीटर खाली नेतो, पंधरावीस मिनिटे मासे दाखवतो, आणि हवेची सगळी काळजी तोच घेतो. समुद्राशी ओळख म्हणून हे छानच आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली, त्यामुळे पुढचा रीतसर अभ्यासक्रमही मराठी मुलखातच करता येतो. ओपन वॉटर ही पहिली पायरी, तिची मर्यादा १८ मीटर. ॲडव्हान्स्ड ही दुसरी, ३० मीटर. मालदीवच्या खिंडींचा उंबरा बहुधा २५ ते ३० मीटरवर असतो आणि तिथल्या कायद्याने करमणुकीच्या डायव्हिंगला ३० मीटरचीच सीमा आहे. म्हणून पहिल्या पायरीवरचा माणूस त्या बोटीवर चढला तर चांगल्या बुड्या वगळून उरलेल्याच त्याच्या वाट्याला येतात.

मराठवाड्यातल्या विहिरींत पोहायला शिकलेल्यांना या अभ्यासक्रमातले पोहणे जड जात नाही. २०० मीटर न थांबता पोहायचे आणि १० मिनिटे तरंगायचे, एवढेच असते. अडचण दुसरीच आहे. विहिरीत सूर मारून तळाची माती आणणारा पोरगा दम धरायला शिकतो. सिलिंडर पाठीवर असताना दम धरणे हीच सर्वांत घातक गोष्ट. दहा मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब जमिनीच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास कोंडून वर आले तर पृष्ठभागापर्यंत त्या हवेचा आकार दुप्पट होऊ पाहतो आणि फुप्फुस फाटू शकते. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय मोडायला सराव लागतो, आणि तो तलावात, प्रशिक्षकाच्या नजरेखालीच व्हावा.

हवेचे गणितही मांडून पाहावे. नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २२०० लिटर हवा मावते. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १० मीटरवर ४० लिटर लागतात आणि ३० मीटरवर ८०. पाव भाग राखीव ठेवला तर १० मीटरवर ती ४० मिनिटे पुरते, ३० मीटरवर जेमतेम २०. नवखा माणूस घाबरून याहून जास्त हवा ओढतो आणि त्याच्यामुळे अख्ख्या गटाला लवकर वर यावे लागते. म्हणून प्रवाहाच्या समुद्रात जाण्याआधी शांत पाण्यात वीसतीस बुड्या पदरी असाव्यात.

दुसरे गणित नायट्रोजनचे. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो, वर येताना हळूहळू बाहेर पडतो. घाईने वर आलो किंवा फार वेळ खाली राहिलो तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, क्वचित जीवही जातो. साध्या हवेवर पहिल्या बुडीत १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि ३० मीटरवर २० मिनिटे ही एका प्रचलित तक्त्याची कमाल मर्यादा. दिवसाला चार बुड्या आणि असे सहा दिवस म्हटले की आधीचा नायट्रोजन पूर्ण निघण्याआधीच पुढची बुडी होते. राहत्या बोटीवर नायट्रॉक्स घ्यावे असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी. त्यात ऑक्सिजन ३२ टक्के आणि नायट्रोजन कमी, त्यामुळे त्याच तक्त्यात १८ मीटरची मर्यादा ९५ मिनिटांवर जाते. त्याचा छोटा अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो, कारण जास्त ऑक्सिजन खोलात विषारी ठरतो आणि या मिश्रणाची सुरक्षित सीमा ३४ मीटरच्या आतच आहे. काही बोटी नायट्रॉक्स भाड्यातच देतात, काही वेगळे पैसे घेतात.

विमानाचा नियम बहुतेकांना माहीत असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, आणि बऱ्याच बोटी पूर्ण दिवस मोकळा ठेवतात. घाटाचा नियम मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही. मालवणला चार दिवस खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी गाडी आंबोलीमार्गे परभणीकडे वळवली तर तासादोनतासांत आपण जवळजवळ ६९० मीटर उंचीवर असतो. तो सल्ला ६०० मीटरच्या वरच्या उंचीपासूनच लागू होतो. शेवटची रात्र किनाऱ्यावरच काढावी आणि दुसऱ्या दिवशी निघावे.

सर्वांत जास्त वेळ मी ज्यावर घालवायला सांगेन ती गोष्ट जाहिरातीत नसते, ती म्हणजे रात्री बोटीवर जागे कोण असते. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ कन्सेप्शन या डायव्हिंग बोटीला आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी, असे ३४ जण गेले. वरच्या भागात झोपलेले पाच कर्मचारी वाचले. झोपायच्या खोलीतून बाहेर पडायला जिना होता आणि एक आपत्कालीन झडपही होती, पण दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या आणि ते दालनच पेटलेले होते. रात्री फिरती गस्त ठेवलेली नव्हती. तो समुद्र थंड पाण्याचा असला तरी बोटीची रचना उबदार समुद्रातल्या अनेक बोटींसारखीच. तांबड्या समुद्रात जून २०२३ मध्ये हरिकेन नावाच्या बोटीला आग लागून तीन ब्रिटिश प्रवासी मृत्युमुखी पडले. २५ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे सी स्टोरी ही बोट उलटली आणि ११ जण मृत किंवा बेपत्ता झाले. लोक झोपेत होते.

या घटना वाचल्यावर विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात. रात्रभर फिरती गस्त असते का, की फक्त नांगरावर लक्ष? खालच्या केबिनमधून दुसरी वाट कुठे निघते, आणि ती आपल्याला पहिल्याच दिवशी चालून दाखवतात का? टॉर्च, कॅमेरे आणि फोनच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, त्या रात्री बंद करतात का? जीवरक्षक तराफे किती आहेत, ऑक्सिजन किती तासांचा आहे, सॅटेलाइट फोन आहे का, नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर उपचार करणारा जवळचा दाबकक्ष किती दूर? मालदीवमध्ये असा दाबकक्ष बंदोस बेटावर आहे. आपल्याकडे नौदलाच्या रुग्णालयांत, मुंबईत अश्विनी आणि पोर्ट ब्लेअरला धन्वंतरी येथे, ही वैद्यकशाखा चालते. दूरच्या समुद्रात रुग्णाला हलवण्याचा खर्च प्रचंड असतो, म्हणून डायव्हिंगचा वेगळा विमा हवाच. साध्या प्रवासविम्याच्या अटींत डायव्हिंग वगळलेले असू शकते.

उत्तरे कशी मिळतात त्यावरून बरेच कळते. चांगला बोटवाला कंटाळत नाही, तपशील सांगतो, फोटो पाठवतो. जो सूर्यास्ताचे व्हिडिओ पाठवून तराफ्यांचा प्रश्न टाळतो, त्याच्याकडे जाऊ नये. वरच्या मजल्याची केबिन थोडी महाग असेल तर माझ्या मते तेवढे पैसे द्यावेत, खिडकीसाठी नव्हे तर वाटेसाठी. पोचल्या रात्री स्वतः केबिनपासून डेकपर्यंत डोळे मिटून चालून पाहावे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

खर्च तपासताना जाहिरातीतला आकडा सोडून द्यावा आणि शेवटी एका बुडीला किती पडले ते काढावे. मालदीवमध्ये जानेवारी २०२५ पासून बोटींवर हरितकर माणशी दररोज १२ डॉलर आहे, म्हणजे सात रात्रींचे ८४ डॉलर. पर्यटनावरचा वस्तू व सेवा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. हे भाड्यात धरलेत की बोटीवर चढल्यावर सांगणार, हे लेखी विचारावे. इंधन अधिभार, उद्यानांची शुल्के, नायट्रॉक्स, साहित्याचे भाडे, खलाशांची बक्षिसी हे सगळे मिळवले की स्वस्त दिसणारी बोट कधी कधी महाग ठरते. मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर मात्र स्वतःचे घ्यावेत, भाड्याचे नकोत. मास्क आपल्याच चेहऱ्याला बसलेला असावा लागतो, आणि कॉम्प्युटरमध्ये आपल्याच आधीच्या बुड्यांचा हिशेब असावा लागतो. शाकाहारी जेवण मालदीवला आणि थायलंडला मिळते, पण आधी कळवावे. मालदीवच्या जेवणात टूना मासा कशातही मिसळलेला असू शकतो.

प्रवाळांची अवस्था हाही निवडीचा भाग आहे. १९९८ च्या एल निनोत मालदीवच्या उथळ पाण्यातले बहुतांश प्रवाळ पांढरे पडून मेले, २०१६ मध्ये पुन्हा फटका बसला, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक विरंजन घटना जाहीर केली. समुद्र फार तापला की प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकतो, रंग जातो आणि अन्नही जाते. २०२४ मध्ये लक्षद्वीपमध्येही हेच दिसले. लक्षद्वीपला कदमत आणि बंगारमसारख्या बेटांवर मुक्काम करून, परवाना घेऊन, डायव्हिंग करता येते. विरंजन झालेल्या ठिकाणी जुनी छायाचित्रे पाहून जाणाऱ्याची निराशा होते. गेल्या सहा महिन्यांतली चित्रे मागावीत, आणि बोट प्रवाळावर नांगर टाकते की पक्क्या तरंगत्या बॉयला दोर बांधते हेही विचारावे. एक नांगर ओढला गेला तर शंभर वर्षे वाढलेला प्रवाळ काही सेकंदांत तुटतो.

महाराष्ट्राची स्वतःची अशी एक जागा आहे जिथे राहत्या बोटीशिवाय जाताच येणार नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद, आणि त्याच्या कडा खोल उतरत जातात. नाव कान्होजी आंग्र्यांचे. पठाराचा सर्वांत उथळ माथाही २० मीटरच्या खाली आहे, म्हणजे ओपन वॉटरची १८ मीटरची मर्यादा माथ्यावर पोचण्याआधीच संपते. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी तिथे मोठी मोहीम नेली. दूर, खोल आणि मालवणच्या किनाऱ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ पाण्यात तिथे प्रवाळ वाढतात. ही जागा राज्याच्या सागरी हद्दीबाहेर, पण भारताच्या २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात येते, म्हणून तिच्या संरक्षणाचा निर्णय केंद्राच्या हाती आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आंग्रियालाही तसेच कायद्याचे कवच मिळावे आणि बांधायचे बॉय आधी बसावेत, असे मला मनापासून वाटते. डायव्हिंगच्या बोटी त्यानंतर जाव्यात, आणि त्याही ऑक्टोबर ते मे या शांत महिन्यांतच, ॲडव्हान्स्ड परवाना असलेल्या, आधीच्या बुड्यांची नोंदवही दाखवू शकणाऱ्या माणसांना घेऊन.